जांभळ्या मीटिअरमधली सीट

दार आपोआप उघडलं. पोर्टेज अ‍ॅव्हेन्यूच्या सिग्नलला ती जांभळी मीटिअर गाडी थांबली होती, माझ्या घडीच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, आणि तिचं फुटपाथकडचं दार खट् करून सताड उघडलं. आत चालवणारा माणूस एकटाच, पांढऱ्या मिशांचा, ओशाळून हसत होता. या गाड्यांच्या दारांना बाहेरून हँडल नसतात. साठच्या दशकात पोरांनी ते हौसेने उपटून टाकले, भोकं शिसं ओतून बुजवली, वर रंग मारला आणि दार उघडायला आत कुठेतरी एक बटण लपवलं. ते बटण कधी कोपराला लागतं, कधी गुडघ्याला, आणि भर चौकात फजिती होते. उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी जुन्या गाड्यांची ही वरात निघते तेव्हा असं एकदा तरी बघायला मिळतंच. फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले आम्ही म्हातारे हसतो आणि ज्याचे गुडघे बरे असतील तो उठून दार लावतो. मीही उठले ती दार लावायलाच. एका हातात आइस्क्रीम होतं. दाराला हात घातला, आत नजर गेली आणि सीटचा कोपरा दिसला.

पांढऱ्या रेक्झिनच्या उभ्या वळ्या, एकीला लागून एक, प्रत्येकीत कापूस ठासून भरलेला. अशा सीटा तेव्हा सगळ्यांनाच हव्या असत. पण कोपऱ्यात येऊन शेवटची वळी जिथे संपत होती तिथे ती कापून दाबलेली नव्हती, मुरडलेली होती. आमच्यात बटाटा भरून पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करतात, तेव्हा पारीची कड चिमटीत धरून मुरडत न्यायची असते, नाहीतर उकळत्या पाण्यात सारण बाहेर येतं. मुरड मला आईने शिकवली, आणि गाडीच्या सीटला ती लावायची अक्कल माझी. इथल्या थंडीत माणूस जाड कोट घालून, बुटाचं बर्फ झाडत गाडीत शिरतो आणि दाराकडचा कोपरा घासत बसतो. साधी शिवण दोन हिवाळ्यांत तोंड उघडते. मुरडलेली उघडत नाही. विनिपेगमध्ये हा कोपरा मी सोडून दुसरं कुणी करत नव्हतं. आइस्क्रीम विरघळून माझ्या मनगटावरून ओघळत होतं आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ चालवला होता. "लावताय ना बाई?" आतला माणूस म्हणाला. मी म्हटलं, "पुढे डोनटच्या दुकानाशी घ्या गाडी आणि थांबा." पोटच्या पोराला सांगावं तसं सांगितलं. तोही बिचारा थांबला.

तिथपर्यंत चालत जायला मला वेळ लागला, आणि त्या वेळात माझ्या डोक्यात काय काय होऊन गेलं! मी आयुष्यभर शिवलं. सासऱ्यांचं सेलकर्क अ‍ॅव्हेन्यूवर कोच-सोफ्याचं दुकान होतं, मागे शिवणाची खोली, वर आम्ही राहायचो. सोफे, चर्चमध्ये गुडघे टेकायच्या लांब गाद्या आणि शवपेट्यांची आतली अस्तरं. माझं सगळ्यात टिकाऊ काम जमिनीखाली आहे असं मी गमतीने म्हणायची, आणि नवरा, बोलेक, म्हणायचा, निदान तिथून तक्रार तरी येत नाही. मग एक दिवस एक पोरगा खांद्यावर गाडीची सीट घेऊन दुकानात आला. कॅलिफोर्नियातल्या एका मासिकाचं पान फाडून आणलं होतं, तसंच करून द्या म्हणाला. सासरे म्हणाले, आपण लोकांच्या बैठकी सजवतो, टवाळांच्या गाड्या नाही. मी सासऱ्यांच्या मागून त्या पोराला बोटाने खूण केली, मागच्या दाराने ये. तिथून ते वेड सुरू झालं. मीटिअर, मोनार्क, पाँटिअ‍ॅक, सगळ्या आपल्याच देशात बनलेल्या गाड्या. पोरं त्यांची नावं असलेली अक्षरं उपटायची, गाडी अमेरिकन वाटावी म्हणून. आता तीच अक्षरं मिळवायला म्हातारे झालेले तेच पोरगे जत्रा धुंडाळत फिरतात. गाड्या जमिनीलगत खाली बसवायच्या, बॉनेटवर ज्वाळा रंगवायच्या, आणि आत सीटवर माझ्या वळ्या. शनिवारी संध्याकाळी मी आणि बोलेक पोर्टेजवर उभे राहून मोजायचो, ही आपली, ती आपली. आणि मग मीठ आलं. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ पत्रा खालून खात वर येतं. एकेक गाडी भंगारात गेली, सीटसकट. दुकान पाडलं, तिथे आता पार्किंग आहे. बोलेक गेला. मुलगा कॅल्गरीला. सातव्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी शिवलेलं काही म्हणजे काही नाही, उशीचे अभ्रेदेखील दुकानातले. त्याचं मला फार वाईट वाटतं असं नाही; पण त्या संध्याकाळी चालताना मला पहिल्यांदा कळलं की वाटत होतं.

गाडीवाल्याचं नाव डेल्मर फ्रीझन. साठी उलटलेली, प्लंबिंगचा धंदा मुलावर टाकून मोकळा झालेला. गाडी छप्पन सालची, अकरा वर्षांपूर्वी एका शेतातल्या कोठारात मिळालेली. "काय हो, लागलं का दार कुठे?" त्याने काळजीने विचारलं.

"दाराचं सोडा. ही सीट कुणी केली?"

त्याचा चेहरा खुलला. "आहे ना बघण्यासारखी? सगळे विचारतात. कॅलिफोर्निया! चौसष्ट सालचं काम. पहिला मालक गाडी घेऊन थेट तिकडे गेला होता. म्हणून तर अजून चिरा नाहीत. आपल्याकडे कुणाला जमायचं असलं?"

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! त्याच्या कॅलिफोर्नियाच्या गाडीला पुढच्या जाळीतून विजेच्या वायरीची शेपटी लोंबत होती. इथे कडाक्याच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्री प्लगला लावतात ती. ती बघून मला हसू आलं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाईने असलं काही सांगितलं की लोक मान डोलावतात, 'हो का, वा वा' म्हणतात आणि घड्याळाकडे बघतात. मला ती मान नको होती. मला आधी स्वतःची खात्री करायची होती. रेक्झिन आमच्या थंडीत काचेसारखं तडकतं, म्हणून मी प्रत्येक वळीखाली लोकरीचा थर घालायची, रेल्वेच्या डब्यांतून निकाली काढलेली करडी घोंगडी कापून. वरून कुणाला दिसत नसे. आत करडं घोंगडं असलं की ती सीट माझी, मग कुणी मान डोलवो नाहीतर न डोलवो.

डेल्मर सांगत होता, "पण आता संपलं हिचं. चालवणाऱ्याच्या बाजूला मधली शिवण उसवलीय बघा. पुढच्या आठवड्यात सगळी काढतोय. तिकडेच पाठवणार, हुबेहूब नवी करून देतात."

"सगळी? जुनीचं काय करणार?"

"जुनीचं काय करायचं? कचऱ्यात."

"एक शिवण उसवली म्हणून तुम्ही पँट फेकून देता का?"

तो हसायला लागला. "बायकोसुद्धा हेच म्हणते."

"मग द्या मला. मी शिवते ती शिवण."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांचे सांधे फुगलेले, मनगटाला आइस्क्रीम. "राग मानू नका बाई. पण हे सोफ्याचं काम नाही, कॅलिफोर्नियाचं आहे."

"अहो, फेकणारच आहात ना? मग मी बिघडवून बिघडवून काय बिघडवणार?" त्याने मिशी चोळली आणि पुढच्या शनिवारी गॅरेजमध्ये यायला सांगितलं. फ्रीझन आडनावाची इथली मंडळी काटकसरी, वस्तू फेकण्याआधी दोनदा विचार करतात; आम्हीही तसेच.

तो आठवडा मी मोठ्या सुखात काढला. ट्रंकेतून दाभण काढलं, तेल लावलं, मेणाचा दोरा आणला. खिडकीशी बसून जुन्या चिंधीवर मुरड घालून बघितली. पहिल्या दोन वाकड्या गेल्या, तिसरी बसली. काम करताना मला याजा आठवत राहिली. याजा म्हणजे बोलेकची बहीण, माझी नणंद. आम्ही दोघी त्या मागच्या खोलीत समोरासमोर बसून आठ-नऊ वर्षं शिवलं आणि तेवढीच वर्षं भांडलो. मी युक्रेनी, ती पोलिश. पिरोगी कुणाच्या इथूनच सुरुवात. तिच्या हाताला घाई फार. कापणं, भरणं, मागचे टाके तिच्याकडे. दर्शनी बाजू माझ्याकडे. तिच्या पिरोगी पाण्यात पडल्या की हमखास उघडायच्या आणि बोलेक म्हणायचा, "आज बटाट्याचं सूप आहे वाटतं." ती त्याला लाटणं फेकून मारायची. पण खरं भांडण घोंगड्यावरून. तिला ते करडं घोंगडं सोसायचं नाही. "ओलं झालं की कुत्र्यासारखा वास मारतं, कसर लागते, नुसतं बघून अंगाला खाज सुटते," ती म्हणायची, "त्यापेक्षा मऊ फ्लॅनेलची चादर घाल." मी म्हणायची, "चादर पहिल्या जानेवारीत फाटेल आणि वर रेक्झिन तडकेल." "तडकणार नाही." "तडकेल." सासरे बाहेरून ओरडायचे, "तुम्ही दोघी तडका आधी!"

याजाचं लग्न ठरलं होतं, लेनर्ड नावाच्या एका उंच, गोड बोलणाऱ्या माणसाशी. तो ब्रिटिश कोलंबियाला लाकडाच्या कारखान्यात कामाला गेला, लग्नापुरते पैसे जमवतो म्हणाला, आणि वसंतात तिथूनच निरोप आला की तो परत येत नाही. याजा रडली नाही. निदान आमच्यासमोर नाही. मागच्या खोलीत जाऊन कापूस पिंजत बसली, संध्याकाळपर्यंत सगळी खोली पांढरी करून टाकली. लग्नासाठी तिने एक पेटी भरली होती, टेबलक्लॉथ, चादरी, काय काय. पेटीला कुलूप असायचं, आत काय आहे ते तिने मला कधी दाखवलं नाही. मी तिला कधी विचारलं नाही. पुढेही तिने लग्न केलं नाही. ती आता नदीपलीकडे सेंट व्हायटलच्या वृद्धाश्रमात असते; महिन्यातून एकदा मी बस पकडून जाते, आम्ही पत्ते खेळतो आणि ती लबाडी करते.

डेल्मरचं गॅरेज माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं. मीटिअर दारं उघडी टाकून उभी होती. डॅशबोर्डवर नव्याने मिळवलेली 'मीटिअर'ची अक्षरं ओळीने मांडून ठेवलेली. बसवणार कशी, भोकं तर केव्हाच शिशाने बुजली होती. तो माझ्यामागे हात चोळत उभा राहिला. मुलीला डॉक्टरकडे आणलेला बाप असावा तसा. मी सीटवर बसले आणि आधी नुसता हात फिरवला. वळी, फट, वळी, फट. किती वर्षांनी! रेक्झिन उन्हाने कोमट झालेलं. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. डेल्मर म्हणाला, "बाई, ठीक आहात ना?" मी म्हटलं, "तुम्ही कॉफी करा." तो गेल्यावर मी उसवलेल्या शिवणीत दोन बोटं घातली. करडी, खरखरीत लोकर लागायला हवी होती. बोटांना लागलं ते मऊ होतं. फार मऊ. मी कड उलटून पाहिलं. पांढरी फ्लॅनेल, तिच्यावर बारीक निळी फुलं.

असं होतं तेव्हा माणूस आधी वस्तूलाच खोटं ठरवतो. मला वाटलं, कुणीतरी मध्ये खोललं असेल, घोंगडं काढून हे घातलं असेल. पण दोरा जुना होता, आमच्याच दुकानातला काळा मेणाचा दोरा. टाके पाहिले, पाठीमागून लांब, घाईचे. हे टाके मी आठ-नऊ वर्षं समोर बसून पाहिले होते आणि त्यांना नावं ठेवली होती. मग आठवलं. चौसष्टचा तो उन्हाळा मी वरच्या खोलीत पडून होते, मुलाच्या वेळचे दिवस, पाय सुजून भोपळ्याएवढे, डॉक्टरांनी जिना उतरायला मनाई केलेली. खालून मशीनचा आवाज यायचा. मी वरून ओरडायची, "काय करतेस गं?" ती खालून, "सोफा!" बोलेकही म्हणायचा, सोफा. आणि खाली हे चाललं होतं. तिने अख्खी सीट एकटीने केली होती, दर्शनी बाजूसकट, तिची चादर घालून, माझी मुरड घालून. जिच्या पिरोगी उघडायच्या तिने घातलेली कोपऱ्याची मुरड साठ हिवाळ्यांत उघडली नव्हती. आणि मी, जी शहरात माझ्याशिवाय हे कुणाला येत नाही म्हणत होते, ती भर रस्त्यात मनगटावर आइस्क्रीम ओघळवत तिचंच काम माझं म्हणून ओळखून बसले होते. मला हेवा वाटला. आधी तोच वाटला. उरलेलं एकमेव काम, तेही माझं नाही. मी तिथे गाडीत बसून राहिले, बाहेर डेल्मरच्या बायकोच्या बडीशेपेच्या रोपांचा वास येत होता, आणि हळूहळू तो हेवा कसा कोण जाणे निवत गेला. चादर फाटली नव्हती. रेक्झिन तडकलं नव्हतं. भांडणात तीच बरोबर होती आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. माझी मुरड मात्र तिच्या हातात जाऊन टिकली होती. शिकवताना मी कधी शिकवतेय असंही म्हटलं नव्हतं. ती समोर बसून नुसती बघत होती, आणि मला वाटायचं तिचं लक्ष नाही.

मी ती साधी शिवण मुरडून घातली. बोटं दुखली, पण मुरड बसली. डेल्मर कॉफीचे मग घेऊन आला, वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. "उसवलं होतं कुठे तेच दिसेना," तो म्हणाला. मग चष्मा पुसत, "बाई, तुम्ही कॅलिफोर्नियात होता का कधी?"

"नाही हो. आणि ही सीटसुद्धा नव्हती. ही सेलकर्क अ‍ॅव्हेन्यूवर झाली. याद्विगा कूलिकने केली. माझी नणंद."

अकरा वर्षं त्याने सगळ्या शहराला कॅलिफोर्निया सांगितलं होतं, ते असं कॉफी निवायच्या आत कसं सोडणार? "पण पहिला मालक तिकडे गेला होता ना?" तो चिवटपणे म्हणाला.

"गेला असेल. याच सीटवर बसून गेला असेल."

तो इतका मोठ्याने हसला की मगमधली कॉफी सांडली, सीटवर नाही, जमिनीवर. "याद्विगा कूलिक," त्याने नाव घोळवून पाहिलं. "आहेत का त्या?"

"आहे. पत्त्यांत लबाडी करते."

मग आम्ही तिच्याकडे गेलो. त्या गाडीतून जाताना मी काय सांगू? ती दिसायला राणी आणि चालायला बैलगाडी. खाली बसवलेली असल्यामुळे रस्त्यातली एकेक फट कण्यापर्यंत कळते. पूल ओलांडताना खाली रेड नदी तपकिरी, संथ. सायकलवरची पोरं वळून बघत होती, एका बसड्रायव्हरने हॉर्न वाजवून सलाम केला. डेल्मर सीटला चिकटून, ताठ बसला होता, कुणा मोठ्या माणसाच्या घरी बसल्यासारखा. मला काही नको होतं. खरंच सांगते, त्या अर्ध्या तासात मला काहीच नको होतं.

याजा चालायचा वॉकर ढकलत आश्रमाच्या दारात आली. केस पांढरे, ओठांना लिपस्टिक, कुणी येणार नसलं तरी ती लावतेच. "ही काय वरात?" ती म्हणाली. आम्ही दोघी आमच्या अर्ध्या पोलिश, अर्ध्या युक्रेनी बोलीत बोलतो, डेल्मरला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याने दार उघडलं, तिला हात दिला, ती कुरकुरत आत बसली. बसताना सवयीने तळवा कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. तिने खाली वाकून पाहिलं.

"स्टेफ्का, अगं हे तुझं काम!" ती म्हणाली. "कोपरा बघ ना. माझ्या बापजन्मात जमला नाही मला असा."

एक क्षण, एकच, मला वाटलं, असू दे. तीच म्हणतेय ना? तिच्या तोंडून आलंय, मी काही मागितलेलं नाही. डेल्मर मिशीतून हसत माझ्याकडे बघत होता. मी गाडीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "माझं नाही गं. मी आत बोट घालून आलेय. आत घोंगडं नाही. पांढरी फ्लॅनेल आहे, निळ्या फुलांची. तुझं आहे हे. आणि तडकलं नाही, बाई, जिंकलीस तू."

मला वाटलं ती टाळी वाजवेल, साठ वर्षांचं भांडण जिंकल्याबद्दल मला छळछळ छळेल. ती नुसती तळवा वळ्यांवरून सावकाश फिरवत राहिली, पलीकडच्या टोकापर्यंत जाईल तेवढा. मग सीटला पाठ टेकवून ऐसपैस बसली, पाय लांब केले.

"ती चादर होय," ती म्हणाली. "लग्नासाठी पेटीत घालून ठेवली होती. झोपायला कुणी आलं नाही. म्हटलं, निदान बसायला तरी येईल कुणीतरी."

डेल्मरने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाल्या हो त्या?"

मी याजाच्या शेजारी शिरले, तिला थोडं आत सरकवलं आणि दार ओढून घेतलं.

"चला म्हणतेय," मी म्हटलं.